ज्येष्ठांचा लाल डोळा : वयाचा नव्हे, दाहाचा

पेठेतील दुकानाचे शटर उघडले की घरातील ज्येष्ठ गादीवर येऊन बसतात. व्यवहार मुलांच्या हाती गेलेला असला, हिशेब संगणकावर चढलेला असला, तरी दिवसाची जमा-नावे त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय गल्ला बंद होत नाही. अशा ज्येष्ठांचा एक डोळा एखाद्या दिवशी लाल होतो. उजेड सहन होत नाही, आकडे पुसट दिसतात, भुवईच्या बाजूला ठणका लागतो. घरात निदान तयारच असते. कोणी म्हणते, डोळे आले. कोणी म्हणते, मोतीबिंदू पिकला. कोणी म्हणते, सत्तरी उलटल्यावर एवढे चालायचेच. शेजारच्या औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली येते, दोन दिवसांत लाली उतरते आणि गोष्ट विसरली जाते.

महिन्याभराने लाली परत येते आणि तीच बाटली पुन्हा आणली जाते. असे तीन-चार वेळा झाल्यावर ज्येष्ठ अखेर नेत्रतज्ज्ञांसमोर बसतात, तेव्हा बाहुलीचा गोल आकार बिघडलेला असतो, डोळ्याचा दाब वाढलेला असतो आणि गेलेल्या नजरेतील काही भाग कायमचा गेलेला असतो. हे नुकसान वयाने केलेले नसते. डोळ्याच्या आत पेटलेल्या दाहाने आणि त्या दाहाचे कारण न शोधता केलेल्या उपचाराने ते झालेले असते.

डोळ्याच्या आतील दाह

डोळ्याच्या पांढऱ्या बाह्य आवरणाच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो. त्याला युव्हिया म्हणतात. हा शब्द द्राक्ष या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. बाह्य आवरण सोलले असता आतील भाग गडद द्राक्षासारखा दिसतो, म्हणून हे नाव. पुढचा रंगीत पडदा, त्यामागचा स्नायूंचा भाग आणि अगदी मागे दृष्टिपटलाला रक्त पुरवणारा थर, असे त्याचे तीन भाग आहेत. यांपैकी कोठेही दाह झाला की त्याला युव्हायटिस म्हणतात.

पुढच्या भागाचा दाह सहसा लपत नाही. डोळा लाल होतो, दुखतो आणि उजेडाने पाणावतो. मधल्या आणि मागच्या भागाचा दाह मात्र गुपचूप येतो. डोळा पांढराशुभ्र दिसतो, वेदना नसते; फक्त नजरेसमोर काळे ठिपके किंवा जाळी तरंगते आणि धुके पडल्यासारखे वाटते. ज्येष्ठांच्या बाबतीत घात होतो तो बहुतेक येथेच. धुके म्हणजे मोतीबिंदू, हे समीकरण घराघरांत पक्के झालेले असल्यामुळे शस्त्रक्रिया सवडीने करू, दिवाळीची गर्दी उरकली की पाहू, असे म्हणून महिने जातात. मोतीबिंदूला काही महिने थांबणे बहुधा परवडते. दाहाला परवडत नाही.

दुसरी गोष्ट वयाशी निगडित आहे. तरुणपणी होणाऱ्या युव्हायटिसमागे बऱ्याचदा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा बिघाड असतो. साठीनंतर आयुष्यात प्रथमच असा दाह झाला, तर तज्ज्ञ आधी दोन शंका घेतात : हा जंतुसंसर्ग तर नाही? आणि दाहाच्या रूपाने दुसराच काही आजार तर आलेला नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय दाह दाबणारे तीव्र औषध दीर्घकाळ देणे धोक्याचे ठरते.

कवडशातील कण

युव्हायटिसचे निदान बॅटरीच्या उजेडात होत नाही आणि चष्म्याच्या दुकानातही होत नाही. त्यासाठी स्लिट लॅम्प हे उपकरण लागते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ आल्वार गुलस्ट्रँड यांनी 1911 मध्ये ते जगासमोर मांडले. त्याच वर्षी त्यांना प्रकाशशास्त्रातील कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळी अंधाऱ्या वखारीत फळीच्या फटीतून कवडसा येतो तेव्हा त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. एरवी तेच कण डोळ्यांना दिसत नाहीत. स्लिट लॅम्पचे तत्त्व हेच. प्रकाशाची बारीक पट्टी डोळ्यात सोडली की आतील निर्मळ पाण्यात उतरलेल्या पांढऱ्या पेशी कणांसारख्या तरंगताना दिसतात. तज्ज्ञ ते कण मोजतात आणि त्यावरून दाहाची तीव्रता ठरवतात. पुढच्या भेटीत कण कमी झाले की वाढले, यावर औषध ठरते. म्हणूनच डोळा बाहेरून पांढरा दिसू लागला, तरी घरच्या घरी औषध थांबवू नये; बाहेरची लाली गेली तरी कवडशातील कण शिल्लक असू शकतात.

साथ कोणती, दाह कोणता

2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली, तेव्हा घरोघरी थेंबांच्या बाटल्या आल्या. अशा साथीत डोळ्यांतून घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात, खाज सुटते आणि बहुधा एकामागून एक दोन्ही डोळे धरतात. नजर मात्र सहसा शाबूत राहते. आतील दाहात चिकटपणा नसतो. डोळा खोलवर दुखतो, उजेड टोचतो, लाली बुबुळाच्या कडेभोवती गडद दिसते आणि नजर मंदावते.

पांढऱ्या आवरणाचा दाह, म्हणजे स्क्लेरायटिस, याहून निराळा. त्याची वेदना पोखरणारी असते, कपाळ आणि जबड्यापर्यंत जाते आणि झोपेतून उठवते. जुना संधिवात असलेल्या व्यक्तीने अशी वेदना मुळीच अंगावर काढू नये. तीव्र डोळेदुखीबरोबर उलट्या होत असतील आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसत असतील, तर तो काचबिंदूचा अचानक आलेला झटका असू शकतो. अनेक घरांत त्याला पित्त समजून रात्र काढली जाते आणि तेवढ्या वेळात डोळा गमावण्याची वेळ येते.

नाकाच्या शेंड्यावरचे फोड

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि वय वाढून प्रतिकारशक्ती उतरली की एका बाजूच्या मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा बाहेर येतो. हीच नागीण. नागिणीचे तोंड आणि शेपटी जुळली की माणूस जगत नाही, ही समजूत आजही ऐकू येते. ती खरी नाही. नागीण शरीराच्या एका बाजूच्या मज्जातंतूला धरून चालते, त्यामुळे ती बहुधा मध्यरेषेपाशी थांबते. खरे भय निराळेच आहे.

नागीण कपाळावर आणि पापणीवर आली तर डोळा धोक्यात येतो. विशेषतः नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड आले तर ती मोठी सूचना मानावी. नाकाच्या टोकाला आणि डोळ्याच्या आतील भागाला एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात, म्हणून हे फोड म्हणजे आत काय चालले आहे याची बातमी असते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी हा संबंध दाखवून दिला आणि आजही हे लक्षण त्यांच्या नावाने ओळखले जाते.

या वेळी गेरूचा लेप लावून आणि मंत्र-उतारे करून दिवस घालवणे महागात पडते. विषाणूविरोधी गोळ्या फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा लाभ सर्वाधिक होतो. फोड सुकल्यावरही काही आठवड्यांनी आतील दाह उद्भवू शकतो, म्हणून नेत्रतपासणी एकदाच करून भागत नाही. पन्नाशीनंतर घेता येणारी नागिणीची लस आता भारतातही मिळते. तिचे दोन डोस काही महिन्यांच्या अंतराने घ्यायचे असतात. ज्येष्ठांच्या वार्षिक तपासणीच्या वेळी डॉक्टरांकडे तिची चौकशी जरूर करावी.

टोपी सहन न होणारे गृहस्थ

याच हचिन्सन यांनी 1890 मध्ये आणखी एका वृद्ध रुग्णाचे वर्णन केले. त्या गृहस्थांच्या कानशिलांवर लाल, दुखऱ्या रेघा उमटल्या होत्या आणि त्यांना टोपी घालणेही सहन होत नव्हते. त्या रेघा म्हणजे सुजलेल्या रक्तवाहिन्या होत्या. या आजाराला आज जायंट सेल आर्टरायटिस म्हणतात. तो पन्नाशीनंतरच होतो. कानशिलाचे डोके दुखणे, केस विंचरताना टाळू दुखणे, जेवताना चावता चावता जबडा भरून येणे, वजन घटणे, बारीक ताप, खांद्यांत जखडलेपण, अशी त्याची लक्षणे असतात. युरोपच्या उत्तर भागात तो अधिक आढळतो. भारतात त्याचे प्रमाण कमी आहे. म्हणूनच त्याची शंका लवकर घेतली जात नाही.

या आजारात डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटतो. काही क्षण डोळ्यापुढे अंधार येऊन जातो आणि मग एका सकाळी एक डोळा पूर्ण जातो. उपचार झाला नाही तर दुसरा डोळाही काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाऊ शकतो. रक्ताची ईएसआर आणि सीआरपी ही साधी तपासणी येथे फार मोलाची ठरते. शंका बळकट असेल तर तज्ज्ञ रक्तवाहिनीचा तुकडा तपासून येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू करतात. अशा वेळी उद्या पाहू म्हणून चालत नाही.

क्षय आणि सोंग घेणारे आजार

भारतात युव्हायटिसच्या कारणांत क्षयरोगाचे स्थान मोठे आहे. खोकला नाही, छातीचा फोटो स्वच्छ आहे, घरात कोणाला क्षय नव्हता, तरीही डोळ्यात क्षयाशी निगडित दाह असू शकतो, हे ऐकून कुटुंबाला धक्का बसतो. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याच्या मागच्या थरावर नागमोडी पसरत जाणाऱ्या व्रणांचा क्षयाशी असलेला संबंध तपशीलवार मांडला आणि या विषयातील जागतिक ज्ञानात मोलाची भर घातली. निदानासाठी त्वचेवरची माँटू चाचणी, रक्ताची इग्रा चाचणी आणि छातीचा सीटी स्कॅन यांची सांगड घातली जाते. क्षयाचे निदान झाल्यास त्यात लपवण्यासारखे काही नाही. केवळ डोळ्यातील क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही. मात्र फुप्फुसात क्षय नाही याची खात्री करून घ्यावी लागते. औषधाचा कोर्स अनेक महिन्यांचा असतो आणि तो पुरा करावाच लागतो. त्यातील इथॅम्ब्युटॉल या गोळीचा परिणाम क्वचित डोळ्याच्या नसेवर होतो. औषध चालू असताना रंग फिके वाटू लागले किंवा नजर उतरली तर त्वरित सांगावे.

काही आजार दाहाचे सोंग घेऊन येतात. त्यांत ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर म्हणजे डोळ्यातील लिम्फोमा हा कर्करोग. त्यात डोळ्याच्या आतील गरात पेशी दिसतात आणि स्टेरॉइडने काही काळ बरेही वाटते. मग पुन्हा धुके दाटते. हा आजार मेंदूशीही संबंधित असू शकतो. म्हणून औषधाने बरे होऊन पुन्हा पुन्हा उलटणारा दाह ज्येष्ठांमध्ये कधीही जुनाट म्हणून सोडून देऊ नये. तज्ज्ञांनी डोळ्यातील द्रवाचा नमुना घ्यावा किंवा मेंदूचा एमआरआय काढावा असे सुचवले, तर त्यामागे हे कारण असते. तो खर्च वाढवण्याचा प्रकार समजू नये.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा दाह हा वेगळा विषय आहे. शस्त्रक्रियेनंतर थोडी लाली स्वाभाविक असते आणि ती दिवसेंदिवस उतरत जाते. उतरण्याऐवजी वेदना वाढली, दिसू लागलेले पुन्हा पुसट झाले किंवा लाली चढू लागली, तर तो आतील जंतुसंसर्ग असू शकतो. पहिल्या आठवड्यात हा धोका अधिक असतो. तेव्हा तपासणीच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. रविवार असो वा सण, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बाटलीतील दिलासा

1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती व्यक्ती चालू लागली. 1950 मध्ये हेंच, केंडॉल आणि राइकस्टाइन यांना नोबेल मिळाले. याच औषधाने नेत्रचिकित्सेतही क्रांती केली. आज युव्हायटिसमध्ये स्टेरॉइडचे थेंब हजारो डोळे वाचवतात.

तेच थेंब सल्ल्याविना वापरले तर डोळे घेतातही. स्टेरॉइडच्या थेंबांनी साधारण तिघांपैकी एकाच्या डोळ्याचा दाब थोडाफार वाढतो. शंभरात पाच-सहा जणांचा तो फार वाढतो. या वाढीची वेदना होत नाही, पण डोळ्याची नस झिजत जाते. दीर्घ वापराने मोतीबिंदूही येतो. बुबुळावर नागीणसदृश हर्पिसचा व्रण असेल तर स्टेरॉइड त्या व्रणाला मोकळे रान देते. हे थेंब चिठ्ठीवरच द्यायचे औषध आहे. तरीही प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या बाटल्या अनेक ठिकाणी नुसत्या मागणीवर मिळतात. औषधविक्रीचा व्यवसाय असलेल्या कुटुंबांनी येथे आपली जबाबदारी ओळखावी : चिठ्ठी नसेल तर ओळखीच्या गिऱ्हाइकालाही ही बाटली न देणे हीच त्याची खरी सेवा.

तज्ज्ञ स्टेरॉइडबरोबर बहुधा बाहुली मोठी करणारे थेंबही देतात. त्यांनी जवळचे पुसट दिसते आणि उजेड डोळ्यांत जातो. आजार वाढला असे समजून ते बंद करू नयेत. आतील रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटू नये आणि ठणका कमी व्हावा, यासाठी ते असतात. त्या काळात जिना उतरताना हात धरावा आणि वहीवाचन थोडे दिवस दुसऱ्याकडे सोपवावे.

दाह दीर्घकाळ चालणारा आणि जंतुसंसर्गाविना असेल तर मेथोट्रेक्सेटसारखी औषधे दिली जातात. अमेरिकेत 2016 मध्ये अ‍ॅडालिम्युमॅब या इंजेक्शनला युव्हायटिससाठी मान्यता मिळाली. भारतातही ते उपलब्ध आहे. ते सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी अनिवार्य असते. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्याने प्राणावर बेतू शकते, म्हणून गोळीचा वार दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावा.

उपवास, चोविहार आणि औषध

तपश्चर्या करणाऱ्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात गोळ्यांचे काय? काही आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या की शरीरातील ग्रंथी स्वतःचे तेच द्रव्य तयार करणे जवळजवळ थांबवतात. अशा वेळी अठ्ठाईसाठी गोळ्या एकदम बंद केल्या तर डोळ्याचा दाह तर उसळतोच, शिवाय रक्तदाब कोसळून जिवाला धोका निर्माण होतो. मात्रा टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते. मधुमेह असलेल्यांचा प्रश्न आणखी नाजूक असतो. स्टेरॉइडने साखर चढते आणि उपवासात मधुमेहाच्या औषधाने ती घसरते.

सुदैवाने स्टेरॉइडच्या गोळ्या बहुधा सकाळी एकदाच, काही खाऊन घ्यायच्या असतात. त्या नवकारसीनंतर सहज घेता येतात आणि चोविहाराला बाधा येत नाही. थेंब मात्र आजाराच्या तीव्र अवस्थेत तासातासाला, रात्रीही घालावे लागतात. थेंब घातल्यावर घशाशी कडू चव येते, कारण डोळ्यातून नाकात जाणारी एक बारीक नळी असते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलके दाबून ठेवावा. औषध घशात फारसे उतरत नाही आणि डोळ्यात अधिक काळ टिकते. पच्चक्खाणात आगारांची तरतूद असतेच. आजारपणात कोणती तपश्चर्या कशा रीतीने करावी, हे पर्वाच्या तीन-चार आठवडे आधी डॉक्टर आणि महाराजसाहेब या दोघांनाही विचारून ठरवावे.

घराने ठेवायची वही

व्यापारी घराला नोंद ठेवणे शिकवावे लागत नाही. तीच सवय येथे उपयोगी पडते. डोळा केव्हा लाल झाला, कोणता थेंब किती दिवस घातला, प्रत्येक भेटीत दृष्टी किती आणि डोळ्याचा दाब किती होता, या गोष्टी तारखेसह एका वहीत लिहाव्यात. पूर्वीचा क्षय, नागीण, संधिवात, मधुमेह आणि झालेल्या शस्त्रक्रिया यांचीही नोंद असावी. आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून दुसऱ्याने दिनदर्शिकेवरील तारखा वाचून पाहाव्यात. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याचा तोटा दुसरा भरून काढतो आणि तो लक्षात येत नाही.

लाली आणि वेदना, उजेडाचा त्रास, नजर मंद होणे, नव्याने दिसू लागलेले ठिपके, कपाळावरची नागीण, कानशिलाच्या दुखण्यासह क्षणभर अंधारणारी नजर. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. जवळ तज्ज्ञ नसल्यास जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्रविभाग गाठावा. जाताना घरात वापरलेली थेंबांची बाटली सोबत न्यावी. ती कोणी आणली, यावरून घरात वाद घालण्यापेक्षा तिचे नाव डॉक्टरांना दिसणे अधिक महत्त्वाचे असते.

अनेक ज्येष्ठ स्वतःहून तक्रार करत नाहीत. मुलांचे दुकान बंद राहील, सुनेची धावपळ होईल, म्हणून ते डोळ्याला रुमाल लावून गादीवर बसून राहतात. त्यांनी पान नेहमीपेक्षा जवळ धरले, उजेडाकडे पाठ केली, एखादी रक्कम दुसऱ्याकडून वाचून घेतली, तर ते पाहण्याचे काम घरातील तरुण डोळ्यांचे आहे.